बुडीत क्षेत्र

वारंगा फाट्यावर उतरलं की माणसाला दोन गोष्टी हमखास मिळतात, गरम भजी आणि फुकटचा सल्ला. भागवतने मला दोन्ही दिलं. तो आमच्या पाटबंधारे खात्याचा त्या भागातला शाखा अभियंता. हॉटेलच्या बाकावर माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "मॅडम, ऊन फार आहे. जागेवर जायची गरज नाही. पंचनामा मी तयारच आणलाय, तुम्ही फक्त सही करा."

"सही मला हिंगोलीत बसूनही करता येते," मी म्हटलं. "त्यासाठी इतका धुरळा खात कशाला आले असते?"

तो हसला आणि त्याने आणखी एक प्लेट भजी मागवली. हे २००४ सालच्या वैशाखातलं.

मी तेव्हा दक्षता पथकात उपअभियंता होते. दक्षता पथक म्हणजे खात्यातली नकोशी माणसं ठेवायची जागा. मी मूळची कुरुंद्याची. हळद शिजवायच्या कढईच्या धुरात डोळे चोळत अभ्यास करून इंजिनिअर झाले, त्यामुळे डोळ्यांत धूळ फेकणारा माणूस मला लांबून ओळखू येतो, असा माझा समज होता. तोंड फटकळ. म्हणून जी तक्रार कुणालाच नको असायची ती माझ्या टेबलावर यायची.

ही तक्रार रामजीनाईक तांड्याची होती. मजकूर जेमतेम दोन ओळींचा. 'आमच्या तांड्यासमोरील पाझर तलाव बांधण्यात आलेला नाही. तरी त्यातील पाणी काढून आमचा रस्ता मोकळा करून देण्यात यावा.' खाली तांड्याचे नाईक भावसिंग यांची सही आणि बाकीच्यांचे अंगठे. ऑफिसात या अर्जावर आठवडाभर करमणूक झाली. मला मात्र त्यातल्या पहिल्याच वाक्यात रस होता. रोजगार हमीतून हा तलाव १९९७ साली पूर्ण झाल्याचा दाखला होता. तेव्हा जिल्हा परभणी. पुढे हिंगोली वेगळा झाला, आणि टेबलं, खुर्च्या, कपाटं यांच्या वाटणीत हा तलावही आमच्या वाट्याला आला. मधल्या काळात त्याची एकदा दुरुस्ती झाली होती, एकदा गाळही काढला होता. सगळं कागदोपत्री चोख.

फाट्यावरून आखाडा बाळापूरच्या रस्त्याला लागलो आणि मधेच कच्च्या वाटेला वळलो. जीप रणजीत चालवत होता. हा माझा नेहमीचा ड्रायव्हर, गडी बोलका, पण त्या वाटेला लागल्यापासून त्याने तोंड उघडलं नव्हतं. दोन टेकड्या ओलांडल्यावर एका सागाच्या झाडाखाली त्याने गाडी थांबवली.

समोर खोलगट जमीन होती. दोन्ही अंगांना मुरमाड टेकड्या, पलीकडच्या चढावर तांडा, आणि ओढा जिथून बाहेर पडतो तिथे नकाशाप्रमाणे बांध असायला हवा होता. बांध नव्हता. टोपलीभर माती टाकल्याचीही खूण नव्हती. रंग उडालेला एक सिमेंटचा फलक तेवढा उभा होता.

"भागवत, तलाव कुठंय?"

"नाहीये, मॅडम."

मी थापा ऐकायच्या तयारीने आले होते. त्याने तेवढीही तसदी घेतली नाही. "मी दोन वर्षांपूर्वी इथं आलो," तो म्हणाला. "मला चार्जमध्ये असाच मिळाला."

जुना रस्ता आमच्या पायापासून सरळ खाली खोलगटात उतरत होता आणि पलीकडे तांड्यात चढत होता. पूर्वी त्यावरून एसटी जायची. आता त्यावर गवताची काडी नव्हती, चाकाची रेघही नव्हती.

"रणजीत, घे गाडी सरळ."

रणजीतने भागवतकडे पाहिलं. "फसती, म्याडम."

"वैशाखात? कोरड्या रानात?"

"फसती," तो पुन्हा म्हणाला. तो असं कधी करत नसे.

मग आम्ही चालत निघालो, खोलगटाच्या कडेकडेने जाणाऱ्या पायवाटेने, मोजणीचं लेव्हल मशीन आणि पुरुषभर उंचीची आकड्यांची पट्टी खांद्यावर घेऊन. समोरून सरपणाचा भारा घेतलेली एक बाई येत होती. तिने लुगड्याचा घोळ एका हाताने वर धरला होता. सागाच्या बुंध्याला विहिरीवरचा असतो तसा जाड दोर बांधलेला होता, त्याचं वेटोळं नीट घालून ठेवलेलं. गुरांसाठी असेल, असं मला वाटलं.

त्या पायवाटेत काहीतरी खटकत होतं, आणि ते काय हे अर्धी वाट चालल्यावर माझ्या लक्षात आलं. डोंगरातली वाट वर-खाली होते, माणूस सोपा चढ-उतार बघून चालतो. ही वाट कुठेच चढत नव्हती आणि कुठेच उतरत नव्हती. टेकडीच्या प्रत्येक वळणाला धरून ती एकाच पातळीत चालली होती. अशी वाट फक्त पाण्याच्या काठाने पडते.

भावसिंग नाईक साठीचे, ताठ, डोक्याला लाल पटका, त्याचं सुटं टोक, शेमला, डाव्या खांद्यावर. त्यांनी बाज टाकली. त्यांची बायको पारुबाई तांब्याभर पाणी घेऊन आली. पाणी गढूळ होतं. तिला ओशाळल्यासारखं झालं.

"हिरीनं तळ गाठला, बाई," ती म्हणाली. "प्यायला थेंब न्हाई आन् बुडायला तळं."

"पण तळं कुठाय?" मी विचारलं.

भावसिंग माझ्याकडे बघत राहिले. लहान लेकराला समजावावं तसं त्यांनी सांगितलं. "आदी आमी बी हसलो. पयल्या साली काईच न्हवतं, येत-जात व्हतो. मंग बैलं अडाया लागली. उताराला येऊन उभीच. मारलं तरी पाऊल टाकंनात. मंग बाया म्हनाया लागल्या, पायाला गार लागून राहिलं. त्याच्या फुडल्या साली गुडघ्याला आलं."

"काय आलं?"

"पानी."

"दिसतं?"

"दिसत न्हाई. लागतं."

"आन् तुमच्या लोकांला इचारलं," पारुबाई मधेच म्हणाली, "यष्टी काहून बंद केली? तर म्हनले, रस्ता बुडीत क्षेत्रात गेला. लाईटचे खांब काहून येईनात? बुडीत क्षेत्र. नर्सबाई बी येत न्हाई. बराबर हाय त्यांचं. ती पवून येनार का?"

मला त्यांचा राग आला नाही. सात वर्षं सरकारच सांगत असेल की तुमचा रस्ता पाण्याखाली आहे, तर माणसाच्या पायाला एक दिवस ओल लागणारच, अशी मी माझी समजूत घातली. राग आला तो भागवतचा, आणि त्याच्या आधीच्याचा, आणि आमच्या सगळ्यांचाच.

दाराच्या चौकटीला टेकून भावसिंगांची सून मिना उभी होती. विशी-बाविशीची, पोटुशी. ती काही बोलत नव्हती, तिच्या वतीने सासू बोलली. "गेल्या साली होळीला हिला कळा सुरू झाल्या. बाजंवर घातलं आन् काठाकाठानं नेलं. येवढा येढा. डांबरीला लागंस्तो लेकरू गेलं. सरळ रस्ता असता तर जगलं असतं. आता आषाढात पुन्ना हाय. येवढं पानी काढून द्या, बाई. दुसरं काई मागत न्हाई."

मिनाने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मला लेकरू नाही, पण ते पाहणं माझ्या आरपार गेलं. मी शब्द देऊन टाकला. आषाढाच्या आत रस्ता मोकळा होईल, म्हटलं.

तलाव नाही हे नुसतं लिहून भागत नाही, ते मोजून दाखवावं लागतं. मोजणीला आधी एक न हलणारी खूण लागते, जिच्यावरून बाकी सगळ्या उंच्या धरायच्या. तांड्यात न हलणारी वस्तू म्हणजे नाईकाच्या घराचा दगडी उंबरा. त्यावर मी छिन्नीने फुली कोरली.

"उंबऱ्यावर काहून मारता?" पारुबाईने विचारलं.

"तुमचं घर पाण्याच्या किती वर आहे ते कळतं. म्हणजे नकाशातल्या पाण्याच्या."

"किती वर हाय?"

नकाशात पाहून मी सांगितलं, "चांगलं पुरुषभर."

तिचा चेहरा खुलला. ती आत गेली आणि करंडा घेऊन आली. माझ्या त्या सरकारी फुलीला तिने हळदकुंकू वाहिलं. मिना हसली. त्या दिवसात तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

दुपारभर मी मोजत राहिले. रणजीत पट्टी धरायचा, मी दुर्बिणीतून आकडे घ्यायचे. पायवाटेवर जिथे जिथे पट्टी ठेवली तिथे तिथे उंची तीच येत होती. मशीन बिघडलं असेल म्हणून मी दोनदा पुन्हा लावलं. मग नकाशा काढला. तलाव काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर येईल म्हणून ९७ साली कुणीतरी टेबलावर बसून जी पातळी लिहिली होती, वाट नेमकी त्या पातळीवर होती. गुरं आणि बाया पायांनी पाडतात ती वाट. त्यांनी आमचा नकाशा पाहिलेला नव्हता.

खोलगटात काही बाभळी उभ्या होत्या. त्याच पातळीपर्यंत त्यांची साल काळी पडून सुटली होती. वरच्या फांद्या हिरव्या होत्या.

"रणजीत, पट्टी घेऊन खाली जा," मी म्हटलं. "मधल्या बाभळीपर्यंत."

तो उभाच राहिला. मी आवाज चढवला तेव्हा गेला. मी दुर्बिणीला डोळा लावला.

आमच्या त्या जुन्या मशीनमध्ये चित्र उलटं दिसायचं, जमीन वर आणि आभाळ खाली. त्याची सवय होते. रणजीत छताला टांगल्यासारखा उलटा उभा होता, त्याच्या शेजारी पट्टी. मी आकडा वाचायला गेले आणि थांबले. पट्टी छातीच्या उंचीवर मोडलेली होती. बादलीत काठी बुडवली की ती जशी मोडल्यासारखी दिसते, तशी. मोडलेल्या जागेच्या पलीकडचे आकडे हलत होते. रणजीतचा सदरा पोटापासून फुगला होता आणि त्याची टोकं सावकाश हेलकावे घेत होती.

मी डोळा दुर्बिणीवरून बाजूला घेतला. समोर कोरडं रान, रखरखीत ऊन, आणि रणजीत पट्टी धरून सरळ उभा. पट्टीही सरळ.

पुन्हा डोळा लावला. आता त्याने हनुवटी वर उचलली होती.

"रणजीत! ये परत!"

त्याला ऐकू गेलं नाही. मी दोन्ही हात हलवले तेव्हा तो निघाला. काठावर आला तेव्हा कपडे कोरडे होते. वैशाखाच्या उन्हात त्याचे दात वाजत होते. "म्याडम, तुमचा आवाजच येईना झाला," तो म्हणाला. "कानाला दडे बसले."

भागवत माझ्या शेजारी येऊन उकिडवा बसला. "आता तरी माझं ऐका," तो हळू आवाजात म्हणाला. "लिहा, तलाव होता, मागच्या पावसाळ्यात फुटला. म्हणजे खातंही सुटलं, तांडाही सुटला."

हे आमच्याकडे नेहमीचंच. आमच्या खात्याचे बांधलेले तलाव कसेही टिकतात, न बांधलेले मात्र अतिवृष्टीत फुटतात. एकदा फुटला म्हणून नोंद झाली की पुढे कुणी काही विचारत नाही. खोटं का असेना, मिनाचा रस्ता त्याने मोकळा झाला असता. क्षणभर मलाही मोह पडला.

पारुबाई मागे उभी होती. तिने ऐकलं होतं. "फुटलं तर येवढं पानी जाईल कुटं?" तिने विचारलं. "खाली वढ्याच्या काठाला वस्ती हाय. लेकरंबाळं हायत तितं बी."

भागवतने मान खाली घातली. मी म्हटलं, "काही फुटणार नाही. जे नाही ते नाही असंच मी लिहिणार आहे." आणि नकाशा गुंडाळून उठले. भिंगातून दिसलं तो भिंगाचा दोष असेल. मी स्वतः चालून बांधाच्या जागेपर्यंत जाणार होते. मिनाच्या देखत गेले की तिचीही भीती जाईल, असं वाटलं.

"नगा जाऊ," भावसिंग म्हणाले. एवढंच. त्यांनी मला अडवलं नाही.

उताराला लागले. पायाखाली भेगाळलेली काळी माती होती, ढेकळं फुटत होती. घोट्यांना गारवा लागला. मग पोटऱ्यांना. सावलीत आल्यावर लागतो तसा, पण सावली नव्हती.

कमरेपर्यंत गारवा चढला तेव्हा पाऊल जड झालं. मागे तांड्यातली शेळी ओरडत होती, तिचा आवाज मधेच तुटला. कानात दडे बसले. मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, दुसरं काही नाही.

पावलाने उडालेली धूळ खाली बसत नव्हती. ती माझ्या गुडघ्यांभोवती तरंगत राहिली होती.

ऊन हिरवट झालं.

पाठीवर हलकं वाटलं म्हणून मी हात मागे नेला. माझी वेणी पाठीवर नव्हती. ती डोक्याच्या मागे, वर उभी होती, आणि सावकाश डुलत होती.

मी वळले. काठ उंच दिसत होता, मी सोडला होता त्याहून कितीतरी उंच. मिना अगदी कडेला आली होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज नव्हता.

मी पाऊल उचललं. ते उचललं गेलं, पण खाली टेकेना.

छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. श्वास आत येत होता, पण त्यात हवा कमी होती.

सागाला होता तसाच दोर तांड्याच्या काठालाही होता. भावसिंगांनी तो फेकला. तो खाली पडला नाही. माझ्या डोक्याच्या बराच वर, रिकाम्या हवेत, तो आडवा पसरला आणि तिथेच राहिला. त्याचं टोक हेलकावत होतं.

मी हात वर केला. पोहोचला नाही.

टाचा उचलल्या.

मग मी तेच केलं जे लहानपणी कुरुंद्याच्या विहिरीत पोहायला शिकताना करायचे. पाय मारले.

दोर हाताला लागला.

शुद्धीवर आले तेव्हा काठावर पडले होते आणि पारुबाई माझे तळपाय चोळत होती. अंग कोरडं ठणठणीत. तोंडात मात्र गाळाची चव होती, ती पुढे कित्येक दिवस गेली नाही. "लई झालं आता," मिना माझ्या कानाशी म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तुमी जावा, ताई. घरी जावा."

मी अहवाल लिहिला. जागेवर तलाव नाही, बांध नाही, मोजणी सोबत जोडली आहे, रस्ता तातडीने पूर्ववत करावा, जबाबदारी निश्चित करावी. खोलगटात जे झालं ते लिहिलं नाही. लिहायला सरकारी भाषेत शब्द नव्हता, आणि लिहिलं असतं तर माझी बदली इस्पितळात झाली असती. अहवाल खरा होता. तो वाचला की कुणाला तरी लाज वाटेल आणि तांडा सुटेल, अशी मला वेडी आशा होती.

ज्येष्ठ गेला. त्या वर्षी पाऊस नव्हता. एक दिवस भागवत माझ्या घरी आला. चहा नको म्हणाला. बराच वेळ दारातच घुटमळला.

"मॅडम, वरून त्या तलावाचं नवीन काम मंजूर झालं. उंची वाढवायचं. तुमचा अहवाल दाबायचा तर तलाव आहे असं दाखवणारं काहीतरी ताजं काम पाहिजेच ना. काम पूर्ण झाल्याचा दाखलाही निघालाय."

"इतक्यात? उंची वाढवायला नवी मोजणी लागते."

तो माझ्याकडे पाहत नव्हता. "तुमचीच वापरली. इतकी स्वच्छ मोजणी खात्यात कुणाची नसते, मॅडम."

माझ्या मोजणीतली पहिलीच नोंद नाईकाच्या उंबऱ्याची होती. "किती वाढवली?" मी विचारलं. त्याने सांगितलं. मी मनात वजाबाकी केली. उंबरा पाण्याखाली जात होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी होते. ते सज्जन वाटणारे गृहस्थ, कुणाला अरे-तुरे करत नसत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "साधनाबाई," ते म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय, तिथं तलाव नाही. मग नसलेल्या तलावाची उंची वाढली तर तुमच्या तांड्याचं काय बिघडतं?"

मी तोंड उघडलं. कुठून सुरुवात केली तरी ते मला वेड्यात काढू शकत होते, किंवा माझाच अहवाल माझ्यापुढे धरू शकत होते. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. मला तो पेला तोंडाला लावता आला नाही.

तशीच रणजीतला घेऊन निघाले. त्याने जीप सागाच्या झाडाच्या बऱ्याच अलीकडे थांबवली. सागाची खालची पानं वाळून गेली होती, दोर बुंध्याला तसाच होता, पण त्याचं वेटोळं सुटून हवेत पसरलं होतं. काठाची पायवाट कुठे दिसेना. पलीकडे तांडा होता. माणसंही दिसत होती. अंगणात कुणी झाडत होतं, कुणी बाज हलवत होतं. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की सगळे फार सावकाश हालत आहेत.

मी हाका मारल्या. नाईकाच्या दारातून एक बाई बाहेर आली, पोट पुढे आलेली. तिने कपाळावर हात धरून आमच्या दिशेने पाहिलं. मी उतरायला लागले तर रणजीतने माझं मनगट धरलं. तो रडत होता, पण त्याने हात सोडला नाही.

त्यानंतर मी कुठे कुठे गेले नाही? ज्या ज्या दारात गेले तिथे मला एकच विचारलं गेलं, तलाव आहे की नाही ते आधी ठरवा. रात्री पाठीवर झोपता येत नव्हतं. मिनाला दिलेला शब्द आठवला की जीव गुदमरायचा.

आषाढ कोरडाच सरत आला होता. भर दुपारी भावसिंग ऑफिसात आले. तोच लाल पटका. चपला दाराबाहेर काढल्या आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. मी उठले. मला इतका आनंद झाला की माझा आवाज फाटला.

"बसा, नाईक. मिना कशीये?"

"बाळत झाली. पोरगी हाय." त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. "घरीच झाली. न्यायची गरज पडली न्हाई."

"आणि पारुबाई?"

"समदे हायत. तांड्यातच हायत." ते खुर्चीवर बसले. "एक इचारायचं व्हतं, बाई. उंची किती वाढवली?"

"काहून विचारता?" मी म्हटलं.

"न्हाई, पारू रोज त्या उंबऱ्यावरच्या फुलीला कुकू लावती. ते राहीना झालं. लावलं की सुटून वर वर जातं."

दार उघडं होतं. बाहेर ऊन तापलं होतं, रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"नाईक, तुम्ही आलात कसे? काठाची वाट तर गेली."

"काठानं कशाला?" ते म्हणाले. "जुन्याच रस्त्यानं आलो, सरळ मधून. आता समदे मधूनच जातो आमी. काई तकलीफ न्हाई."

सकाळपासून लाईट गेलेली होती आणि डोक्यावरचा पंखा बंद होता. खोलीत वाऱ्याची झुळूकही नव्हती. भावसिंगांच्या पटक्याचा शेमला त्यांच्या खांद्यावर नव्हता. तो कानाच्या वर, हवेत उचललेला होता, आणि सावकाश डुलत होता.